सगळे हजर

कोल्हापूर
बुधवार, २ जुलै २०२५

साद,

तुझा फोन एकदा वाजतो आणि बंद होतो. तू माझा नंबर अडवला आहेस, हे मला समजतं. म्हणून पत्र. इचलकरंजीचा पत्ता इलाहीचाचांकडून घेतला. तुझ्या मामांच्या यंत्रमागाच्या शेडचं नाव त्यांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा वेगळं सांगितलं. पाकिटावर मी दोन्ही लिहिली आहेत.

कामाचं आधी लिहितो. सोमवारी तू कपाटाची चावी टेबलावर टाकून गेलास, तेव्हा तुझे दोनशे तेरा दिवस भरले होते. मी तीनदा मोजले. जुलैत रविवार चार आहेत आणि मोहरम रविवारीच येतोय, म्हणजे कामाचे दिवस सत्तावीस. बरोबर दोनशे चाळीस होतात. दोनशे चाळीस भरल्याशिवाय आपला सहकारी संघ कुणाला कायम करत नाही, आणि सलग सात दिवस रकाना रिकामा राहिला तर हेडक्लार्क म्हणून आण्णा महिनाअखेरीला नावावर रेघ मारतात. तू नुसता रागाने गेलास आणि एका महिन्यासाठी सगळं घालवलंस.

म्हणून काल आणि आज मी तुझी सही केली.

ओरडू नको. थंब मशीन बंदच आहे, दुरुस्तीवाला अजून सांगलीहून येतोय. हजेरीचं मस्टर माझ्या टेबलावर असतं, माझं अक्षर चांगलं म्हणून. तुझी सही सोपी नाही. तू 'सा'चा काना असा खाली ओढतोस की तो शिकलगारच्या 'र'ला जाऊन मिळतो. रद्द पावत्यांच्या पाठीवर मी चाळीस वेळा सराव केला, तेव्हा कुठे जमली.

तुला वाटेल, हा तात्या झाला. मलाही वाटलं. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत 'सगळे हजर' सिनेमा पुन्हा लावला, तुझ्या पेनड्राइव्हवरचा. गोष्ट तुला पाठ आहे, पण क्रमाने लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही. एका कचेरीत आठ कारकून. त्यातला एकटा राहणारा वामनराव पहिल्याच रिळात झोपेत मरतो. जागा रिकामी दिसली तर वरून कापतील आणि त्याचं काम आपल्यावर पडेल, म्हणून उरलेले सात जण कुणाला कळवत नाहीत. सगळ्यात भित्रा तात्या रोज वामनरावाची सही करतो. साहेब मस्टरमधून मान वर काढत नाहीत. शेवटी वामनरावाला आदर्श कर्मचारी म्हणून शाल मिळते, कारण त्याने वर्षभर रजा घेतली नाही, उलट उत्तर दिलं नाही, पगारवाढ मागितली नाही. शाल खुर्चीला पांघरतात आणि टाळ्या वाजवतात.

पहिल्यांदा पाहताना मी खुर्चीला हसलो होतो. तू म्हणालास, "भावा, मेलेल्याला काय हसतोस? सायबाला हस की. जित्या सात जणांकडं त्यानं एकदा बी बघितलं न्हाय." मी तुला म्हटलं होतं, माझ्यासारख्या बारावीला दोन विषय राहिलेल्या माणसाला एवढं कळत नाही. आज थोडं कळलं.

तू का गेलास ते मी विचारत नाही. आण्णांकडे तुझ्याबद्दल कोण बोललं, याचा शोधही मी घेतलेला नाही. कायमची जागा एक आणि आपण दोघे, तेही एकाच दिवशी लागलेले. हे आपण कधी बोललो नाही, आताही नको.

लवकर ये. तोपर्यंत मी आहे.

तुझा
ऋतुराज


बुधवार, ९ जुलै

साद,

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा पोचत असेल, पाऊसही आहे.

सात सह्या झाल्या तुझ्या, आजची आठवी. एकही अडकली नाही.

एक सांगायचं आहे, पण तू हसशील. सोमवारी धोंडुबाई नेहमीप्रमाणे दोन चहा ठेवून गेल्या, एक माझ्याकडे, एक तुझ्या टेबलावर. मी म्हटलं, "मावशी, साद नाही आज."

त्या म्हणाल्या, "न्हाय कसा? सकाळी जिन्यात भेटला की मला. कुठं बिडी वढाय गेलाय काय बघ, चा गार हुतोय त्येचा."

तू बिडी ओढत नाहीस, हे मी त्यांना सांगितलं. त्या गेल्या. मी जावक रजिस्टर लिहीत बसलो. अर्ध्या तासाने पाहिलं तर तुझा ग्लास रिकामा होता, तळाला आल्याचा चोथा. मी आल्याचा चहा पीत नाही. कुणीतरी येता-जाता प्यायलं असेल. संघात फुकटचा चहा कोण सोडतं?

काल क्रांती कीबोर्ड बडवता बडवता म्हणाली, "साद झेरॉक्सला गेलाय तर माझी बी दोन पानं सांगायची हुती."

"कधी गेला?"

"आत्ता की रं! निळा शर्ट घालून गेला न्हवं का हितनं?"

निळा शर्ट माझा होता. झेरॉक्सहून मी नुकताच येऊन बसलो होतो, कागद अजून हातात गरम होते. ते मी तिला दाखवले. ती कागदांकडे बघून म्हणाली, "बरं झालं, आणलं त्यानं," आणि काढून घेतले.

सिनेमा आज तिसऱ्यांदा पाहिला. चाळीस वर्षांपूर्वी हसू यावं म्हणून जे फुगवून दाखवलं होतं, ते आता आपल्याकडे नेहमीच्या मापाचं झालंय. त्यात साहेब म्हणतात, "मस्टरमध्ये आहे ना? मग आहे." परवा एक शेतकरी खताच्या पावतीसाठी तुला विचारत आला होता. आण्णांनी मस्टर उघडलं, तुझ्या सहीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, "हाय की शिकलगार. बसा, ईल." तो माणूस दीड तास बसला. शेवटी मीच त्याची पावती केली. जाताना मला म्हणाला, "उपकार झाले, शिकलगारसाहेब."

मी दुरुस्त केलं नाही. त्याची एसटी चुकली असती.

आणि बघ, शीर्षकात 'निर्मिती'ची 'मि' दीर्घ लिहिली आहे. एवढी माणसं कामाला होती, एकालाही दिसलं नाही.

चाचींच्या, तुझ्या आईच्या, पायाला कसं आहे? तिकडे पट्टी बदलायची सोय आहे का?

तुझा
ऋतुराज


बुधवार, १६ जुलै

साद,

या वेळी सिनेमात मला काहीतरी सापडलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

मध्यंतरानंतर तात्या नाही.

तू बघ. मध्यंतरापर्यंत सात कारकून आहेत आणि वामनरावाची रिकामी खुर्ची. नंतर सहाच आहेत. तात्या कुठे गेला, कुणी म्हणत नाही. त्याचं टेबलही दिसत नाही. फट राहू नये म्हणून बाकीची टेबलं सरकवली आहेत. आणि शेवटच्या हजेरीच्या प्रसंगात साहेब आठही नावं वाचतात आणि आठही वेळा "हजर" ऐकू येतं. मी थांबवून थांबवून मोजलं. तोंडं सहा हलतात.

रविवारी मी इलाहीचाचांकडे गेलो. तुझ्या या चुलतआजोबांनी सिनेमाच्या शूटिंगला दिवे लावले होते, तेच आता सांगू शकतील असं वाटलं. ते कोंबड्यांना दाणे टाकत होते.

"तात्या व्हय? त्यो पन्हाळ्याच्या कचेरीत कारकून हुता खराखुरा. हौशी माणूस. आमचं शूटिंग फकस्त रविवारी, तुमच्या ह्याच संघाची कचेरी मोकळी असायची तवा. पाच रविवार आला, सहाव्याला आलाच न्हाय."

"का?"

"त्येच्या सायबानं रविवारी बी कामाला बोलवलं म्हणं. नऊ रविवारांत सिनेमा संपवायचा हुता, थांबतंय कोण? दिग्दर्शक म्हणला, सहा काय न् सात काय, पब्लिक डोकी मोजाय येतंय व्हय?"

"पण चाचा, त्याचा 'हजर' ऐकू येतो."

"त्यो मी!" चाचा एवढे हसले की कोंबड्या पांगल्या. "डबिंगला माणसं कमी पडली. तात्याचा मी, वामनरावाचा बी मी. एकाच दमात दोन. चाळीस वर्सांत कुणी इचारलं न्हाय बघ. अकरा दिवस चाललं पिच्चर, हजारभर लोकांनी बघितलं असंल. तूच पयला."

मग दाण्याची वाटी खाली ठेवून म्हणाले, "त्यो तात्या पुढं एकदा भेटला हुता मला स्टँडवर. म्हणला, मी पिच्चर बघितला, शेवटपतोर मला वाटत हुतं मी हाय त्यात."

मी घरी येऊन पुन्हा लावला. आता कळल्यावर ते दोन 'हजर' एकाच गळ्यातून येतात हे लगेच ऐकू येतं. एक जिवंत, एक मेलेला, आणि फरक नाही.

चाचांनी आणखी एक सांगितलं. वामनरावाची खुर्ची उत्तरेच्या खिडकीपाशी होती, खांबाच्या डावीकडे. म्हणजे तुझी जागा. हे तुला माहीत होतं का? असेल तर मला का नाही सांगितलंस?

काल माझ्या टेबलावर छत गळायला लागलं. आण्णांनी दोन हमाल बोलावून टेबल रेकॉर्ड रूममध्ये ठेवलं आणि मला म्हणाले, "बस तिथं खिडकीपाशी." मी म्हटलं, ती सादची जागा आहे. ते म्हणाले, "मग? बस की." धोंडुबाईंनी जमीन पुसून घेतली आणि क्रांतीने आपलं टेबल जरा इकडे ओढलं, ओल लागू नये म्हणून.

आता तिथे फट दिसत नाही.

हे पत्र तुझ्या खुर्चीत बसून लिहितोय. चौदा सह्या झाल्या. आता मागचं पान बघावं लागत नाही.


गुरुवार, २४ जुलै

साद,

आजपासून धोंडुबाई एकच चहा आणतात. आल्याचा. मी तो पितो.

क्रांती मला शिकलगार म्हणते. पहिल्यांदा मला वाटलं, चेष्टा करते. मी म्हटलं, "माझं नाव ऋतुराज आहे, विसरलीस काय?" ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "व्हय बाबा, व्हय. फाईल दे ती." रागावली नाही, हसली नाही. चेष्टा करताना ती हसते, तुला माहीत आहे.

मी आजऱ्याला घरी फोन केला. आईने माझं नाव घेतलं, नीट घेतलं. तेवढ्यासाठीच केला होता.

आता जे लिहायचं आहे ते मी पहिल्या पत्रापासून टाळलं आहे. आज दुपारी आण्णा माझ्यापाशी येऊन उभे राहिले. खिडकीतून पंचगंगेचं पाणी किती वाढलं असेल यावर बोलले. मग म्हणाले, "शिकलगाराचं बरं सुधारलं. दुपारचं कवा बी बघावं तर जाग्यावर. असं पायजे." आणि खुर्चीच्या पाठीवर थोपटलं, माझ्या खांद्याला हात न लावता.

पुढे म्हणाले, "ते दुसरं पोरगं हुतं न्हवं, त्येनं सांगितलं म्हणून कळलं मला. काय रं त्येचं नाव?"

मला विचारत होते. माझ्या तोंडाकडे बघून.

साद, ते मी होतो. पंचवीस जूनला सकाळी मी आण्णांना म्हणालो, "साद दुपारी एक ते अडीच जागेवर नसतो." सात शब्द. मी नंतर पुष्कळदा तपासले, सातही खरे आहेत. तू चाचींना दवाखान्यात पायाची पट्टी बदलायला नेत होतास, आणि परत येऊन साडेसहापर्यंत बसून भरून काढत होतास, हे मला माहीत होतं. ते मी सांगितलं नाही. स्वतःला मी असं समजावलं, की आण्णांनी कारण विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. जागा एक होती. मला वाटलं, तुझे दिवस थोडे कापले जातील, एवढंच. ते सगळ्यांसमोर तुला "आईचं नाव पुढं करून हिंडतोय" असं म्हणतील आणि तू चावी टाकून निघून जाशील, हे मी धरलं नव्हतं.

सही मी मैत्रीखातर करत नव्हतो. मला झोप येत नव्हती, म्हणून करत होतो. तुझे दोनशे चाळीस भरले तर मी काही केलं नाही असं होईल, असं वाटलं.

सिनेमात तात्या सही का करतो, हे दिग्दर्शकाने कुठे सांगितलेलं नाही. भित्रा म्हणून, असं आपण धरलं. मला आता वाटतं, वामनराव जाण्याच्या आदल्या दिवशी तात्याने साहेबांना काहीतरी सांगितलं असेल.

उत्तर दे. शिवी दिलीस तरी चालेल. फक्त ती माझ्या नावाने दे.


शुक्रवार, १ ऑगस्ट

साद,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. इलाहीचाचा उद्या इचलकरंजीला येणार आहेत, त्यांच्या हातात देतो. त्यांना सांगितलंय, तू वाचेपर्यंत समोर बसायचं.

काल महिनाअखेर. आण्णांनी मस्टर मागवलं, मी बेरजा करून दिल्या. शिकलगार साद: सत्तावीस हजर, एकूण दोनशे चाळीस. चालू महिन्याच्या सत्तावीस सह्या एकाखाली एक अशा बसल्या होत्या, की तुझ्या हातूनही इतक्या सारख्या आल्या नसत्या.

मग त्याखालची ओळ. चौगले ऋतुराज. पूर्ण कोरी.

एकही सही नाही. मी वीस वेळा पाहिलं. पान फिरवून पाहिलं, मागून उजेडात धरून पाहिलं. रोज सकाळी दहाला मी मस्टर उघडत होतो, जीव ओतून तुझी सही करत होतो, शाई वाळेपर्यंत थांबत होतो, कालच्याशी जुळवून बघत होतो आणि मिटून ठेवत होतो. सही झाली, असं मनाला वाटायचं. ते खरंच होतं, झाली होती. महिनाभर मी त्या पानावर रोज पंधरा मिनिटं नजर लावून बसलो आणि माझी ओळ मला दिसली नाही. मी, जो दुसऱ्यांच्या वेलांट्या शोधतो.

आण्णांनी लाल पेनाने माझ्या सगळ्या रकान्यांतून एक रेघ ओढली आणि कडेला लिहिलं, 'काम सोडले'. मी टेबलाच्या या बाजूला उभा होतो.

"आण्णा, मी रोज आलोय."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. बराच वेळ बघितलं. तो राग नव्हता. ते आठवत होते, मनापासून, आणि जमत नव्हतं. मग अगदी अदबीने म्हणाले, "काय काम हुतं, पावणं?"

साद, दहा महिने मी या माणसाच्या समोर बसलोय. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांवर सगळी नावं मी लिहिली.

क्रांती पलीकडून म्हणाली, "आण्णा, काय चेष्टा लावलीय? त्यो आपला..." आणि थांबली. तिचं तोंड उघडं राहिलं. मी वाट बघितली. माझं नाव तिच्या ओठावर येतंय असं मला दिसत होतं. मग ती सुटल्यासारखी म्हणाली, "आपला साद की."

"मग असं सांग की!" आण्णा खूश झाले. त्यांनी ड्रॉवरमधून पाकीट काढलं. कायमचा आदेश, चेअरमनची सही, शिक्का, तुझं नाव. पोचवही माझ्यापुढे सरकवली. "कर सही न् घे जा. जेवायची येळ झाली."

मी पेन टेकवलं. तुला खरं सांगतो, हाताला काही शिकवावं लागलं नाही. काना आपोआप खाली आला. पाकीट दोन बोटांवर होतं. ते घेतलं असतं तर कुणीही, कधीही, काही म्हणालं नसतं. मी उद्यापासून आल्याचा चहा प्यायलो असतो आणि तेवीस हजार पगार घेतला असता. आणि काही दिवसांनी मलाही काही म्हणावंसं वाटलं नसतं. या शेवटच्या गोष्टीची मला भीती वाटली.

मी काना खोडला. म्हटलं, "सोमवारी घेतो."

"सोमवारी बारापतोर. मग जागा रद्द," असं म्हणून ते जेवायला उठले. मी पुढे होऊन जिन्यात उभा राहिलो, त्यांना वाट करून द्यायला बाजूला झालो नाही, तरी ते सरळ उतरून गेले. मला धक्का लागला नाही.

आज मी कामावर गेलो नाही. कुणाचा फोन आला नाही.

आता नीट वाच. सोमवारी, ४ तारखेला, सकाळी दहाला ये. आधार कार्ड आण. आदेश तुझा आहे. दिवस मी भरले असले तरी ते घालवलेही मीच होते, म्हणजे हिशोब सरळ होतो. माझ्यावरचा राग तसाच ठेव, रागासकट घेता येतो. चाचींना सोबत घेऊन ये. दुपारी एक ते अडीच त्यांना दवाखान्यात मी नेईन, रोज. तू जागेवर बसून राहा. मला आता वेळ आहे.

मी आत येणार नाही. गेटसमोर रिक्षा थांबतात, तिथे उभा असेन. निळा शर्ट घालणार नाही.

एवढंच मागतो. वर जायच्या आधी मला नावाने हाक मार. मोठ्याने मार, खिडकीतून आण्णांपर्यंत जाईल अशी. मी 'ओ' देतो का, ते मलाही बघायचं आहे.

ऋतुराज हंबीरराव चौगले